व्याह्यांची चटणी पास

माझ्या जिभेवर आजवर कोणी डोळे मिटून विश्वास ठेवला असेल तर तो फक्त आमच्या कल्याणच्या व्याह्यांनी, आणि त्या विश्वासाचं मी काय केलं ते आठवलं की आजही मला घास गिळवत नाही. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म तयार माल तपासण्यात घालवला. रिटायर झाले, पण तपासणी सुटली नाही. वर्तमानपत्राची घडी, सुनेची पोळी, सोसायटीची लिफ्ट, कशालाही चष्मा कपाळावर चढवून आधी निरखायचं आणि मग 'पास' नाहीतर 'रिजेक्ट' म्हणायचं. लग्नाचं ठरवायला ते ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या आमच्या घरी आले तेव्हा मुलीशी दोन वाक्यं बोलले आणि उरलेला अर्धा तास आमच्या दाराची बिजागरी तपासत उभे राहिले. निघताना म्हणाले, "मुलगी पास. दार रिजेक्ट." मी त्याच दिवशी बिजागरीत तेल घातलं.

पण त्यांची खरी तपासणी बघायची तर थंडीत, आवळ्याच्या चटणीच्या वेळी. कल्याणच्या बाजारात ते एकेक आवळा उजेडात धरून फिरवायचे, त्याच्या अंगावरच्या सहाही रेघा मोजायचे आणि टोपलीतले बहुतेक आवळे नापास करायचे. एकदा भाजीवाली वैतागून म्हणाली, "ओ काका, आवळे घेताय का जावई बघताय?" हे शांतपणे म्हणाले, "दोन्हीची कीड आतच असते, बाई." मी शेजारीच पिशवी धरून उभा होतो, आणि मीही कोणाचा तरी जावईच आहे. मिक्सर त्यांना चालायचा नाही. "मिक्सरमध्ये चटणीला ताप येतो," असं ते डॉक्टरच्या आवाजात सांगायचे. मग स्वयंपाकघरात बनियनवर बैठक मारून पाटा-वरवंटा. आवळ्याच्या फोडी, हिरव्या मिरच्या, आलं, कोथिंबीर, जिरं, मीठ आणि नखाएवढा गूळ. खालच्या मजल्यावरच्यांना दरवर्षी वाटायचं की वर फरशी फोडायचं काम निघालंय.

चटणी झाली की ती चाखणाऱ्याच्या तळहातावर ठेवायचे आणि वर ग्लासभर पाणी प्यायला लावायचे. आवळ्यावर पाणी गोड लागतं हे पोराटोरांनाही ठाऊक आहे, पण ते मात्र "गोड लागलं?" असं विचारायचे ते जणू ती गोडी त्यांनीच पाण्यात घातलीय अशा थाटात. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मी भाबडेपणाने म्हणालो, "पाणी गोड लागलं, पण मीठ किंचित पुढे गेलंय." मुलीने डोळे वटारले. व्याह्यांनी मात्र माझा हात हातात घेतला. "हे घरचे सगळे मला घाबरून पास करतात हो. मला बाहेरचा तपासणारा हवा होता." तेव्हापासून मी ठाण्याहून जाऊन चाखल्याशिवाय त्यांची चटणी बरणीत गेली नाही.

तीन वर्षांपूर्वी ती चटणी बिघडली. पावसाळ्यात त्यांना बरेच दिवस ताप येऊन गेला होता. त्यानंतरच्या थंडीत केलेली चटणी इतकी खारट झाली की जीभ आखडली. मी नेहमीसारखं खरं ते सांगितलं. पुढच्या थंडीत मुलीचा फोन आला. "बाबा, यंदा काहीही झालं तरी पास म्हणा, प्लीज. मागच्या वेळी दोन दिवस धड जेवले नाहीत ते. नुसते पाट्याकडे बघत बसले होते." झालं, मी पास म्हणालो. मिरचीने कानातून वाफा निघत होत्या, डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि मी म्हणत होतो, "वा, काय जमलीय!" खोटं बोलणं एवढं सोपं असतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

गेल्या थंडीत चटणीत मीठच नव्हतं. नुसता आंबट, तुरट गोळा. मी पुन्हा पास म्हणालो. ते मला रिक्षा स्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आज मीठ कसं होतं?"

"बेताचं. अगदी हवं तेवढंच."

"मी घातलंच नव्हतं."

मी जागच्या जागी थिजलो.

"कारखान्यात आम्ही चांगल्या मालात मुद्दाम एक खराब पीस सोडायचो," ते म्हणाले. "तपासणारा जागा आहे का ते बघायला. आज तुमच्यासाठी सोडला." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "त्या तापापासून मला चव कळत नाही, व्याही. घरी कोणाला बोललो नाही. म्हटलं, तुमची जीभ आहे ना. तुम्ही चूक सांगाल, मी दुरुस्त करीन, अजून काही थंड्या निघतील."

"मुलीसाठी बोललो हो मी. मुलीचा बाप..."

"मुलगी केव्हाच पास झाली होती," ते म्हणाले आणि माझ्यासाठी रिक्षा थांबवली.

या थंडीत फोन आला नाही. मुलगी म्हणाली, पाटा गॅलरीत भिंतीकडे तोंड करून उभा आहे. बरेच दिवस मी स्वतःला शिव्या घातल्या. मग एक दिवस आवळे आणले, एकही रेघ न मोजता, आणि मिक्सरमध्ये ताप आणून चटणी केली. इतकी वाईट चटणी मी जन्मात खाल्ली नव्हती. ती घेऊन सकाळीच कल्याणला गेलो.

त्यांनी डबा उघडला, चिमूटभर चटणी बोटांत चोळली. "भरड आहे. रिजेक्ट." मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. तरी त्यांनी ती खाल्ली, वर सवयीने पाणी प्यायले आणि ग्लासात बघत म्हणाले, "नुसतं पाणीच आहे." मग उरलेलं पाणी माझ्यापुढे सरकवलं. मी चटणी तोंडात घातली, पाणी प्यायलो.

"गोड लागलं?"

"लागलं," मी म्हणालो.

खरंच लागलं होतं. पण ते त्यांना पटावं असं माझ्यापाशी आता काहीही शिल्लक नव्हतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि आवळा उजेडात धरून बघावा तसे ते माझ्याकडे बघत राहिले. पास की रिजेक्ट, काही बोलले नाहीत. रिकामा ग्लास उचलून तो पुन्हा भरायला आत गेले.