हात दिसल्याशिवाय गाडी हलत नाही

बाळारामकाकांची आणि माझी ओळख पळस्प्याच्या पुढे, आमच्या गोडाऊनच्या गेटवर झाली. माझी शाळा नववीतच सुटली. अठरा पूर्ण झाल्यावर इथे कामाला लागले. ट्रेलर मागे घेताना ड्रायव्हरला हाताने दाखवायचं, हे माझं काम. माझा आवाज बारीक, त्यात चारचौघांत तोंड उघडत नाही. ड्रायव्हर हसायचे, "ताई, आरती ओवाळतेस का?" सुपरवायझर म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघतो, नाहीतर दुसरा माणूस आणतो." मला हे काम सोडायचं नव्हतं. शाळेनंतर पहिल्यांदा मला रोज कुठेतरी जायला जागा मिळाली होती.

हायवेपलीकडे राहणारे काका तेव्हा गेटपाशी उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "पोरी, आवाज कशाला पायजे? त्याला डोळं हायत ना?"

पनवेलच्या रेल्वेच्या जुन्या माल यार्डात मालगाडीचे डबे सोडवायचे, जोडायचे, या रुळावरून त्या रुळावर न्यायचे, यात काकांची सगळी नोकरी गेली. त्यांनी मला ड्रायव्हरांसमोर नाही शिकवलं. त्यांच्या घरामागे नेलं, म्हणजे कोणी हसणार नाही. ट्रेलर झाल्या काकू. त्या उलट्या चालायच्या आणि तोंडाने हॉर्न द्यायच्या. एकदा म्हणाल्या, "जन्मभर यांच्या हातावर पुढं चालले, आता मागं पन चालायचं?" काका हसले नाहीत. "हॉर्न दे आधी," म्हणाले. इशारा मिळाला की ड्रायव्हरने हॉर्न द्यायचाच, हा त्यांचा यार्डातला नियम.

शिकवता शिकवता काका यार्डातच जाऊन पोचायचे. उरणकडच्या मिठाचे डबे, डब्याला डबा भिडल्याचा आवाज, राखेने घासलेली दिव्याची काच, सिग्नलचा खाली पडणारा लोखंडी हात. एकदा त्यांचे एक जोडीदार दोन डब्यांच्या मधे साखळी लावत होते आणि साहेब "गाडी काढा" म्हणून ओरडत होते. काका म्हणाले, "साहेब, मानूस आत हाय. त्याचा हात दिसल्याबिगर गाडी हलनार नाय." गाडीला उशीर झाला, काकांना बोलणी बसली. ते सांगताना काकांची मान ताठ होते.

महिना संपत आला होता. ट्रेलर मागे येत होता आणि आमचा एक लोडर पडलेला पट्टा उचलायला चाकामागे वाकला. सुपरवायझरना तो दिसत नव्हता. ते ओरडत होते, "येऊ दे, येऊ दे!" माझा आवाज फुटेना. काकांनी शिकवलं तसे 'थांब' म्हणून मी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि तशीच उभी राहिले. ड्रायव्हरने आरशात बघितलं. ब्रेक लागला, मग हॉर्न वाजला. लोडर उठून बाजूला झाला.

सुपरवायझर थोड्या वेळाने येऊन म्हणाले, "तुझ्या जोडीला दुसरा माणूस येतोय. त्याला तू शिकव." आता आमच्याकडे सगळे ड्रायव्हर इशाऱ्याला हॉर्न देतात. हे कुठून आलं असं कोणी विचारलं, तर मी काकांचं नाव सांगते. तेवढं मला मोठ्याने बोलता येतं.

काका, पंचाहत्तरी झाली, आता शंभरीपर्यंत असेच ताठ राहा. गुडघ्यांना जपा, काकूंचं ऐका. संध्याकाळी गोडाऊनवर आमच्याकडे येताना हायवे ओलांडायची घाई करू नका. सावकाश या. ट्रेलर मी थांबवते.