शेळीचं दावं

महापूर ओसरल्यावर आमची शाळा उघडली तेव्हा भिंतींवर माझ्या खांद्याइतक्या उंचीवर गाळाची रेघ होती. कुंडलपासून जवळच, कृष्णाकाठचं गाव. मी तिसरीला शिकवायची. वीस वर्षांची नोकरी झालेली, त्यामुळे पहिला आठवडा पुस्तकं उघडायची नाहीत हे मी कुणाला न विचारताच ठरवलं. मुलांनी खेळावं, चित्रं काढावीत, बोलावं.

सगळ्यांनी चित्रात पाणी काढलं, नाव काढली. एका मुलीनं मात्र नुसता खुंटा आणि त्याला बांधलेलं दावं काढलं. दुसऱ्या दिवशीही तेच. पूर्वी वर्ग डोक्यावर घेणारी ही पोर आता हजेरीलाही आवाज देत नव्हती.

मी काही विचारलं नाही. ओली पुस्तकं उन्हात मांडायला तिला सोबत घेतलं. चार-पाच पुस्तकं मांडून झाल्यावर ती खालमानेनंच म्हणाली, "बाई, शेळीला पवायला येतं का ओ?"

"कुठली शेळी?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. घरात पाणी शिरताना वडिलांनी तिला शेळी सोडायला सांगितलं होतं. तेवढ्यात नाव आली. ती घाबरून नावेत चढली. शेळी बांधलेलीच राहिली. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

"तू नावेत बसलीस ते बरोबर केलंस," मी म्हटलं. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलं नाही हे मला दिसत होतं. ते माझ्या तोंडून पटणारच नव्हतं.

"बाबांना सांगूया का? मी येते बरोबर."

हातातलं पुस्तक उन्हात ठेवून ती "व्हय" म्हणाली.

शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेलो. वडील फावड्यानं गाळ ओढत होते. तिला बोलवेना, म्हणून तिला विचारून मीच सांगितलं. ते फावडं टाकून तिच्यासमोर चिखलातच उकिडवे बसले.

"पोरी, ते काम माजं व्हतं. गडबडीत तुला सांगितलं, ही चूक माजी. शेळी आणखी घिऊ. तू नावेत न्हाई आली असतीस तर मी काय केलं असतं?"

पूर आल्यापासून ती पहिल्यांदा रडली. चांगली हुंदके देऊन रडली. आईनं तिला जवळ घेतलं आणि मी शांतपणे घरी निघाले. आता ही पोर सावरणार, याची मला खात्री होती.

एका दिवसात काही झालं नाही. महिनाभरानं ती खो-खोत भांडायला लागली, तेव्हा मला फार बरं वाटलं. पुढच्या पावसाळ्यात नदीचं पाणी घाटाच्या वर चढलं, तशी ती चौथीच्या वर्गातून उठून माझ्या टेबलाशी आली.

"बाई, मला भ्या वाटतंय."

"बस माझ्याजवळ," मी म्हटलं. थोडा वेळ बसली, आणि मग मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी हाक मारल्यावर खेळायला गेली.