नामाजीचं बराबर

नामाजी धनगराला एक खोड होती. कुणी काही सांगितलं की तो मान हलवून म्हणायचा, "बराबर." ऊन तापलंय म्हणा, बराबर. तुझी मेंढी मेली म्हणा, बराबर. त्याची बायको पंचफुलाबाई म्हणायची, "लग्नात भटजीनं सावधान म्हणलं, तवाबी ह्यो बराबरच म्हणला." ऐकून घेतलं, एवढाच त्याचा अर्थ, हे कुरुंद्याकडच्या त्या साऱ्या गावाला ठाऊक होतं.

निजामाच्या राज्यात तेव्हा चोर धरायची रीत सोपी होती. बैल गेले की खुरांचा माग काढायचा, शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या गावाच्या हवाली करायचा. ज्या गावात माग बुजला त्यानं चोर द्यायचा, नाहीतर बैल भरून द्यायचे. चोर सापडो न सापडो, माग आपल्या शिवेत मरू नये, एवढीच प्रत्येक गावाला काळजी.

एका उन्हाळ्यात शेजारच्या गावची बैलजोडी गेली आणि माग वळला तो पोलीस पाटील उकंडरावाच्या वावरात, थेट गोठ्याच्या दिशेनं. माग काढणारे शिवेवर पोचायच्या आत उकंडराव नामाजीच्या दारात.

"नामाजी, माझ्या वावरात मेंढरं बसव. खत पाहिजे. पार गोठ्यापस्तोर फिरव."

एरवी हाच पाटील बांधावरून मेंढरांना धोंडे मारायचा. नामाजी हरखला. "बराबर," म्हणाला आणि कळप घातला. घटकाभरात खुरांवर खुरं चढली, माग गेला मातीत.

दुपारी अमीन आला, घोड्यावर. अमीन म्हणजे तेव्हाचा फौजदार. त्याला मराठी येत नव्हतं, वेत चांगला येत होता. नामाजीला चावडीच्या खांबाला बांधलं.

"बकरियाँ तूने फिराई?"

"बराबर."

"बैल भी तूनेच चुराए?"

साहेब काहीतरी विचारून राहिलाय, एवढंच नामाजीला कळलं. "बराबर."

लोक फिसकन हसले. तो नुसता ऐकल्याचा शब्द आहे, हे अमिनाला सांगायला एकाचीही जीभ उचलली नाही. सांगितलं असतं तर बैल भरून कुणी द्यायचे?

पंचफुलाबाई तेवढी पुढं आली. "साहेब, त्यो समद्यालाच बराबर म्हणतो. तुमी गाढव हाव म्हणा, तरीबी म्हणंल."

"क्या बोलती औरत?" अमिनानं उकंडरावाला विचारलं.

"बोलती, मरद पहिलेसेच चोर है," पाटलानं अदबीनं सांगितलं.

"बैल कहाँ?" वेत. "बराबर." वेत. "कहाँ?" वेत. "बराबर." समोरचे दोन दात चावडीत पडले तरी शब्द चालूच. मग नामाजीला तुरुंगात नेलं आणि त्याची मेंढरं पाटलानं 'भरपाई' म्हणून आपल्या वाड्यात कोंडली.

काही वर्षांनी नामाजी सुटून आला तो मुका होऊन. शब्द काढला की मार पडतो, हे तो तुरुंगात पक्कं शिकला होता. पोरं मागं लागून म्हणायची, "नामाजी, बराबर म्हण की." तो खाली बघायचा. गावाची करमणूक गेली, त्याचं गावाला वाईट वाटलं.

अठ्ठेचाळीस साली निजाम गेला. वऱ्हाडातून नवा फौजदार आला, मराठी बोलणारा. पंचफुलाबाईला जरा उभारी आली. "ह्याला आपली बोली कळंल. मेंढरं मागून घेऊ. विचारंल तवा बोला मातर." हाताला धरून तिनं नवऱ्याला चावडीवर नेलं.

फौजदाराशेजारी उकंडराव बसला होता, नवीकोरी पांढरी टोपी घालून.

"तुझी मेंढरं पाटलानं नेली?" फौजदारानं विचारलं.

नामाजी गप्प.

"बोला की," पंचफुलाबाई कुजबुजली.

"धनी मुका अन् फिर्याद बायकोची? काहून बोलत नाही? माजला काय?" फौजदार खेकसला.

फौजदार उठला आणि त्यानं सणकन कानाखाली ठेवून दिली. "तुरुंगात जाऊन आलेला तूच ना? पाटलावर खोटा आळ घेतो?"

नामाजीनं गाल चोळला. बोललं की मार, न बोललं तरी मार. त्यानं बायकोकडं पाहिलं. ती 'बोला, बोला' म्हणून खुणावत होती. कित्येक वर्षांनी त्यानं मान हलवली.

"बराबर."

"ही कबुली झाली मराठीत," फौजदार पाटलाकडं बघून हसला आणि शिपायाला म्हणाला, "घे याला आत."