सुनंदाच्या कोडमधली रिकामी जागा

माझी बायको सुनंदा मंगळवारी सकाळी साडेदहाला वाडीच्या गोडाऊनमध्ये, कॉम्प्युटरसमोर, बसल्या जागी गेली.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. भुताखेतांची पुस्तकं मी फक्त कपाटात लावतो, त्यावर विश्वास कधी ठेवला नाही. तरी हे लिहितोय, कारण राग जात नाही.

सहाव्या दिवशी तिच्या मॅनेजरचा फोन. "भाऊ, मॅडमचं गेटपासचं शीट अर्धवट राहिलं. तुम्हाले जमते म्हने. इथं ट्रका उभ्या आहेत नं!" सहाव्या दिवशी! लॅपटॉपही घरी पाठवून दिला. मी ठेवून घेतला. तिचं शेवटचं काम दुसऱ्या कोणी पुरं करावं, हे मला सहन होणार नव्हतं.

शीटवरचं बटण दाबलं की ट्रकचा गेटपास निघावा, म्हणून ती शीटमागे कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या सूचना, लिहीत होती. बाकी सगळा तयार होता, फक्त एका ओळीवर अडला होता. तिथं तिनं शीटवरच्या एका वस्तूला नाव दिलं होतं, पण ती वस्तू कोणत्या प्रकारची हे लिहायची जागा रिकामी. हे सगळं पुस्तकावरून तिला मीच शिकवलेलं. भांडणही त्यावरूनच. मी म्हणायचो, नेमका प्रकार आधी शोध. ती हसायची — "पुस्तक कायले चाळून राहिले जी? सध्या नुसतं 'ऑब्जेक्ट' लिहा. चालवलं का मशीनच सांगते, कोन आहे ते."

शीटवर हिरवं बटण दिसत होतं, म्हणून मी 'बटन' लिहिलं. एरर — प्रकार जुळत नाही. दोन दुपारी असेच चार शब्द फुकट गेले. 'ऑब्जेक्ट', म्हणजे कुठलीही वस्तू, लिहून काम भागलं असतं... पण तिची शेवटची ओळ मला तशी सोडायची नव्हती. शेवटचा चुकीचा शब्द खोडला. "आता तूच सांग," असं मोठ्यानं म्हणालो, लॅपटॉपचं झाकण लावलं आणि चहा टाकायला उठलो.

परत येऊन उघडलं तर त्या जागी 'शेप' लिहिलेलं, म्हणजे आकार; ते हिरवं बटण तिनं शीटवर नुसता आकार काढून केलेलं होतं. चालवलं. गेटपास निघाला.

घरात फक्त सासूबाई, कुहीहून आलेल्या. त्यांना विचारलं.

"मी काहून हात लावू जावईबापू? मले तं त्याचं झाकनही उघडता येत नाही."

इंटरनेट बंद होतं. सॉफ्टवेअर शब्द सुचवतं, स्वतःहून लिहीत नाही. मला याचा उलगडा आजही झालेला नाही.

पण ती आलीच असेल, तर कोणासाठी आली? गोडाऊनच्या ट्रका सोडायला! मी आठ दिवस घरभर तिला हाका मारत होतो. कोड संपल्यावर खाली सगळं पान कोरं होतं, सुनंदा. माझ्यासाठी एक शब्द लिहायला काय झालं होतं?

लॅपटॉप परत गेला. शीट चालू आहे. माझ्याकडे तिच्या हातचं एक अक्षरही नाही.