उकिडव्या बसण्याचा पुरावा

अर्ज क्रमांक ४१. अर्जदार : श्रीमती सगुणा गोटीराम कोळी, वय ७१, राहणार सारसोळे गाव, नेरूळ. व्यवसाय : खाडीतली कालवं काढणे (सध्या बंद). मागणी : दोन्ही गुडघ्यांची मोफत शस्त्रक्रिया. शेरा : सदर महिला विनासाहाय्य उकिडवी बसते व उठते, असे प्रकाशित ग्रंथावरून निदर्शनास येत आहे. सबब निकड नाही.

ग्रंथाचं नाव ‘चिखलातले चिरंजीव’. लेखक कमळाकर देवस्थळी, निवृत्त अधिकारी, मुक्काम चौदावा मजला. तिथून खाडी छान दिसते आणि खाडीतली माणसं ठिपक्यांएवढी. त्या ठिपक्यांच्या आरोग्यावर त्यांनी एकशे ऐंशी पानं लिहिली. मोफत शिबिर भरवणारी संस्थाही त्यांच्याच मित्रांची, त्यामुळे पुरावा शोधायला कोणाला लांब जावं लागलं नाही.

सगुणाच्या मुलानं, हरेशनं, आधी शेरा वाचून दाखवला, मग पान त्रेसष्ट. “‘गुडघे दुखतात का, असे विचारताच सगुणाताई हसल्या. म्हणाल्या, नाही हो. ज्यांना सोफा ठाऊक नाही, त्यांना सांधेदुखी ठाऊक नाही.’ आये, तू असं बोललीस?”

“सोफ्याचं नाय बोलले,” सगुणा म्हणाली. ती सोफ्यावरच बसली होती. जमिनीवर झोपली तर सकाळी उठता येत नाही, म्हणून दोन वर्षं ती तिथंच झोपते.

“आणि गुडघ्याचं?”

“बोलले. तो जेवत व्हता.”

हरेशनं पुस्तक मिटलं. जेवत्या माणसासमोर दुखणं काढायचं नाही, खाल्लेलं त्याच्या अंगी लागत नाही, हे त्यालाही लहानपणापासून माहीत. कमळाकररावांनी तिच्याच घरी कालवांच्या रश्शात भाकरी बुडवली, पहिला घास तोंडात घातला आणि नेमकं तेव्हाच विचारलं. हात धुतल्यावर विचारलं असतं, तर तिनं चाळीस वर्षांचा चिखल सांगितला असता. पण हात धुतल्यावर त्यांना फोटो हवा होता.

तो फोटो मुखपृष्ठावर आहे. सगुणा चिखलात उकिडवी, चेहऱ्यावर हसू. डाव्या कडेला हिरव्या बांगड्यांतली चार बोटं तिच्या दंडाला धरून आहेत. ती शेजारच्या सत्यभामेची. बाकीची सत्यभामा कापून टाकलेली.

“माजी चार बोटं तेवढी चिरंजीव झाली,” सत्यभामा म्हणाली. सगुणा हसली नाही. ज्याला आपण खाऊ घातलं त्याला शिवी देता येत नाही, याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

रविवारी संस्थेनं तिचा सत्कार ठेवला होता. “नको जाऊस, उगाच टेन्शन,” हरेश म्हणाला.

“शाल नको मना. पन जायाचं.”

सभागृहात पहिल्या रांगेत शिबिराचे डॉक्टर बसले होते. शाल घालून झाल्यावर कमळाकरराव माइकवर म्हणाले, “ताई, ती तुमची बैठक जरा दाखवता?”

सगुणानं टेबलाचा कोपरा धरला आणि बसली. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्या तरी ती बसलेलीच.

“वा! आता उठा, ताई.”

“तुमी उठवा. पुस्तकात लिवलंय ना, मी उठतंय? मंग वाचा आनि उठवा.”

लोक हसले.

“गंमत नाय करत,” ती तशीच बसून म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “तवा तुमी जेवत व्हता म्हनून खोटं बोलले. आता तुमी जेवत नाय. माजे दोनी गुडघे गेलेत. सात वर्सं झाली. माज्या दंडाला धरलेली बाई तुमी कापलीत. तिला आना, नायतर तुमी या.”

कमळाकररावांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि वाकून एक हात धरला. भागलं नाही. हरेश धावला. मग डॉक्टर चष्मा खिशात घालून वर आले. ती उभी राहिल्यावर डॉक्टरांनी हरेशकडून अर्ज मागून घेतला.

संस्थेच्या अहवालात नोंद आहे : ‘सगुणाताईंनी पारंपरिक बैठकीचे प्रात्यक्षिक सादर केले. उपस्थितांनी त्यास उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.’

तिला उठवायला तीन माणसं लागली.