दांडीवरची बारीक अक्षरं

तुम्ही कधी हेअर ड्रायरच्या दांडीवरची बारीक अक्षरं वाचली आहेत का? नाही ना? कुणीच वाचत नाही! चिनहटला माझं तीन खुर्च्यांचं पार्लर आहे. लखनऊतल्या कितीतरी मराठी बायका माझ्याकडे येतात आणि प्रत्येकीचं कुणी ना कुणी परदेशात असतं. जाताना त्या केस सेट करून घेतात, येताना किस्सा घेऊन येतात. आता इतके साठलेत की गिऱ्हाईक नसलं की तेच आठवून हसू येतं.

*

बँकेतल्या कुलकर्णीबाईंनी अमेरिकेहून झकास ड्रायर आणला. सगळ्यांना दाखवायला माझ्याच पार्लरमध्ये लावला. भुर्रर्र झालं, आत लाल दिसलं आणि धूर! तिथली वीज एकशे वीस व्होल्टची, आपली दोनशे तीसची.

"अहो, अमेरिकन आहे हा!" बाई कळवळल्या.

मी म्हटलं, "म्हणूनच तर!"

*

हवाई दलातल्या शिंदेवहिनी लेकीला घेऊन लंडनला गेल्या. अडॅप्टर घरीच राहिला. हॉटेलच्या सॉकेटला तीन चौकोनी भोकं. खालच्या दोन भोकांची झडप उघडायला वहिनींनी वरच्या भोकात पेन खुपसलं आणि स्ट्रेटनरच्या दोन पिना खाली ढकलल्या.

लेक किंचाळली, "मम्मी, ये लखनऊ नहीं है!"

"मग खोलीत पेन कशाला ठेवलंय?"

पेन प्लास्टिकचं होतं, म्हणून आज हसतोय!

*

त्यानंतर मी भिंतीवर कागदच लावला: 'परदेशी जाताना लेबल वाचा. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट. १००-२४० लिहिलं असेल तरच न्या. अडॅप्टरने पिना बदलतात, वीज नाही.'

देशपांडेवहिनींची वाट बघत बसलेल्या त्यांच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, तो वाचला. दोघं अमेरिकेला निघाले होते, मुग्धाच्या, म्हणजे लेकीच्या लग्नाला. "एकशे वीस? म्हणजे लो व्होल्टेज! आपल्याकडे मे महिन्यात असतं तसं." घरी जाऊन त्यांनी फ्रिजचा स्टॅबिलायझर बॅगेत भरला!

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "अंकल, ये क्या है?"

काका ऐटीत म्हणाले, "एहतियात!" म्हणजे खबरदारी.

वजन जास्त झालं आणि खबरदारी ऑटोने एकटीच घरी परत आली.

*

मुग्धाने आईला बजावलं होतं, "मम्मी, शादी में मेरे बाल आप ही बनाओगी. कर्ल्स!" वहिनी महिनाभर माझ्याकडे शिकल्या. निघताना मी प्रेमाने माझं नवंकोरं कर्लिंगचं मशीन त्यांच्या हातात ठेवलं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. आपल्याकडे सकाळ होती.

"अगं, अर्धा तास झाला, मशीन नुसतं कोमट आहे!"

"दांडीवर काय लिहिलंय?"

"दोनशे वीस ते दोनशे चाळीस."

समोर भिंतीवर माझाच कागद. मशीन माझं आणि लेबल मीच वाचलं नव्हतं!

मागून मुग्धाचा रडवेला आवाज, "मावशी, अब क्या होगा?"

मला माझ्या आईची रीत आठवली. "वहिनी, केस ओलसर करा. सुती कापडाच्या पट्ट्या फाडा. एकेक बट पट्टीवर गुंडाळून गाठ मारा आणि तिला तशीच झोपू द्या."

"इथे सुती कुठून आणू? सगळं सिल्क नाहीतर सिंथेटिक!"

मग बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. पाठोपाठ काकांचा. "अगं, तो पायजमा नको! उद्या घालायचाय! हजरतगंजच्या बाजारातून आणलाय!"

टर्रर्र!

दुसऱ्या दिवशी सकाळी मुग्धा कुरळ्या बटांनी बोहल्यावर उभी राहिली आणि देशपांडेकाकांनी लखनवी चिकनकारीच्या कुर्त्याखाली जीन्स घालून कन्यादान केलं.