खिडकीच्या पोटातली मंडळी

पशुसंशोधन संस्थेत तिला सगळे थर्मासबाई म्हणत. रोज सकाळी ती गोठ्यातून प्रयोगशाळेकडे निघायची ती थर्मास काखेत घट्ट दाबून, तरातरा, कुणी हाक मारली तरी न थांबता. नवख्याला वाटायचं, बाई चहा घेऊन चालल्यात. एका नव्या कारकुनाने तर परतीच्या वाटेवर तिला गाठून कप पुढे केला होता. तिने रिकाम्या थर्मासचा वास तेवढा त्याला दिला. पुढे कितीतरी दिवस तो तिच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही.

थर्मासमध्ये असायचा गायीच्या पोटातला रस. गोठ्यातल्या एका म्हाताऱ्या गायीच्या डाव्या कुशीला फार पूर्वी शस्त्रक्रिया करून हात जाईल एवढं भोक पाडलं होतं आणि त्यावर रबरी झाकण बसवलं होतं. जखम कधीच भरून आली होती. झाकण काढलं तरी गाय मान वळवायचे कष्ट घेत नसे. बाईने तिचं नाव खिडकी ठेवलं होतं. कोपरापर्यंत हात आत घालायचा, ऊन ऊन चोथा काढायचा, फडक्यातून पिळायचा आणि थर्मास काठोकाठ भरायचा. काठोकाठ अशासाठी, की आतल्या मंडळींना ना गारठा सोसतो, ना हवा.

मंडळी म्हणजे एकपेशीय जीव. सूक्ष्मदर्शकाखाली ते अंगावरचे केस हलवत गरागरा फिरताना आणि गवताचे कण गिळताना दिसत. गवताला ताठपणा येतो तो साखरेच्या कणांच्या लांबच लांब साखळ्यांमुळे. त्या साखळ्या तोडणारी विकरं, म्हणजे पचनाची रसायनं, गायीकडे स्वतःची नसतात. ती असतात या जिवांकडे आणि त्यांच्या शेजारी नांदणाऱ्या जिवाणूंकडे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा बाईला फार नवल वाटलं. घरी जाऊन तिने सासूबाईंना सांगितलं, की गाय गवत पचवतच नाही. गवत पचवतात हे, आणि मागाहून गाय यांनाच पचवते. सासूबाई म्हणाल्या, त्यात काय नवीन, राबतं कोण आणि अंगाला लागतं कुणाच्या, हे त्या लग्न झाल्यापासून बघतायत.

आता बाईचा स्वभाव सांगायला हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. तिला खाऊ घालायची भारी हौस. समोरच्याने ‘पुरे’ म्हटलं की ती दोन घास आणखी वाढणार. तिच्या घरी जेवून पाहुणे उठत ते पट्टा सैल करूनच. माणसांना निदान ताटावर हात आडवा धरता येतो. जनावराला तेही जमत नाही.

त्या वर्षी खिडकीचं काही खरं नव्हतं. म्हाताऱ्या गायीवर खर्च का करायचा, असा प्रश्न वरून आला होता. प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडम तशा सरळ स्वभावाच्या. त्यांनी बाईला स्पष्टच सांगितलं, की एक शेवटची चाचणी होईल. खिडकीच्या पोटातली मंडळी पूर्वीसारखी काम करत असतील तर ती राहील, नाहीतर तिला बाद करून तरणी गाय आणतील. बाद केलेली जनावरं कुठे जातात, हे संस्थेत कुणी बोलत नसे, पण ठाऊक सगळ्यांना होतं.

चाचणीसाठी खिडकीला फक्त वाळलं गवत घालायचं होतं. ते खाऊन ती बाईला रोड दिसायला लागली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी ही गाय कोण ठेवून घेईल, या विचाराने बाईचा जीव टांगणीला लागला. चाचणीच्या आदल्या दिवशी कँटीनमध्ये उकडलेले बटाटे उरले होते. बाईने बादली भरून आणली. खिडकीने मिटक्या मारत ती फस्त केली, आणि बाईला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

पोटातल्या मंडळींना पिठूळ खाणं फार आवडतं आणि कुठे थांबावं हे मुळीच कळत नाही. रात्रीतून त्यांनी इतकं गिळलं, की कित्येक जण टम्म फुगून फुटले. उरलेल्यांपैकी बहुतेकांना पोटात वाढलेल्या आंबटपणाने मारलं. सकाळच्या थर्मासमध्ये वळवळणारं काही जवळजवळ नव्हतंच. गवतातून साखर सुटली की चाचणीच्या नळीतलं पाणी तांबूस व्हायचं. ते पिवळंच राहिलं. मॅडमनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा पिवळंच. वय झालं बिचारीचं, असं म्हणून त्यांनी हातमोजे काढले.

बाईवर कुणाचाही संशय नव्हता. गप्प बसली असती तर तिच्या केसालाही धक्का लागला नसता. त्या दिवशी घरी तिला घास गिळेना, हे पाहून सासूबाई घाबरल्या.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या खोलीत गेली आणि उभ्यानेच म्हणाली, “मी तिला बटाटे घातले होते. बादलीभर.”

मॅडम रागावल्या नाहीत. काही आठवडे गवतावर ठेवून पुन्हा बघू, एवढंच बोलल्या. मंडळी चिवट असतात. उरल्यासुरल्यांनी पुन्हा संसार थाटला. नव्या चाचणीत नळी चांगली लालभडक झाली, आणि खिडकी राहणार असं ठरलं. बाईला आनंद मावेना. मॅडमनी बोलावलं तेव्हा ती हसतच आत गेली.

“उद्यापासून गोठ्यात दुसरं कुणी जाईल,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही काचसामान धुवायच्या खोलीत या.”

“पण मी खरं सांगितलं ना.”

“सांगितलंत म्हणून गाय वाचली. पण ती पुन्हा वाळलेली दिसली, की तुम्ही पुन्हा काहीतरी घालाल.”

नाही घालणार, असं म्हणायला बाईने तोंड उघडलं. खिडकी तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, बरगड्यांसकट. तिने तोंड मिटून घेतलं.

आता ती नळ्या धुते, आणि लखलखीत धुते. गोठ्याचा रस्ता त्या खोलीवरून जात नाही, हे एक बरं आहे.